बेल उचलायचे दिवस

ज्वारी चिकात आली की आमच्याकडे एक वास दरवर्षी सुटतो, भाजणाऱ्या कणसांचा. त्याच दिवसांत ग्रामपंचायतीची निवडणूक असली की दुसराही सुटतो, भंडाऱ्याचा. पहिल्या वासाबद्दल भरपूर लिहून झालंय. शहरातली माणसं आता हुरड्याला येतात, दह्याबरोबर तिळाची चटणी खातात, बैलगाडीत बसून फोटो काढतात आणि ऊन उतरायच्या आत परत जातात. दुसऱ्या वासाबद्दल कुणी लिहीत नाही. तो या लोकांपर्यंत पोचत नाही, आणि ज्यांच्या नाकात तो बसलेला आहे त्यांना लिहायची सवय नाही. मी त्याबद्दल लिहिणार आहे आणि रागात लिहिणार आहे, हे आधीच सांगून टाकते.

परवा अंबाजोगाईहून एसटीने आले, दिंद्रुडला उतरून टमटममध्ये बसले. ड्रायव्हरच्या पायाशी एक पोतं होतं आणि त्यातून बेलाच्या फांद्या डोकावत होत्या. ताज्या, काटे अजून न काढलेल्या. एवढा बेल कुठं चाललाय म्हणून विचारलं. तो म्हणाला, खंडोबाच्या देवळात. सण नाही, रविवार नाही, आज कसा काय, म्हटल्यावर त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं.

"तुमाला म्हाईत हाय की, ताई. मग कावून इचारता?"

मला माहीत होतं. आमच्या गावात मत मागायची एक जुनी रीत आहे. पॅनेलची गाडी गल्लीत येते, बायांना भरून देवळात नेते. देवासमोर तळहातावर बेलाचं पान ठेवतात, पानावर चिमूटभर भंडारा, म्हणजे देवाची हळद. मग पॅनेलचा माणूस बोलतो आणि आपण त्याच्यामागून म्हणायचं, की माझं मत अमक्यालाच, आणि इमान मोडलं तर माझ्या पोटच्या लेकराचं वाटोळं होवो. याला बेल उचलणं म्हणतात. कागद नाही, साक्षीदार नाही, पोलिसांत जायला पुरावा नाही. माणसाच्या आत एक माणूस बसवायचा आणि त्याला राखणीला ठेवून आपण निघून जायचं. इतकी स्वस्त राखण जगात दुसरी नसेल.

मी पत्रकांवर वाढले. आबा, म्हणजे माझे वडील, माजलगावच्या एका छापखान्यात मशीन चालवतात. शाई कमी-जास्त झालेले, वाकडे छापलेले कागद ते घरी आणायचे. त्या पाठकोऱ्या कागदांवर मी बाराखडी गिरवली. पुढच्या बाजूची अक्षरं उलटी होऊन मागे उमटलेली असायची आणि माझा क त्यांच्यावरून चालायचा. वाचायला लागल्यावर कागद उलटा करून पाहिला. मला वाचता आलेला पहिला अवघड शब्द 'कार्यसम्राट' होता. त्याचा अर्थ विचारला तर आबा म्हणाले, "अर्थ काय न्हाई त्याला. मोठ्या टायपात लावायचा असतो, इतकंच."

पण त्याच गठ्ठ्यात कधी कधी वेगळी पत्रकंही निघायची. गुलाबी नाहीतर पिवळ्या हलक्या कागदावरची, छोट्या आकाराची. हमालांची, अंगणवाडीच्या बायांची, धरणात जमीन गेलेल्यांची. त्यांत 'आपला नम्र' नसायचं. त्यांत क्रियापदं असायची: द्या, थांबवा, सोडा, उघडा. ती मी गादीखाली जपून ठेवली. मला भाषा तिथून मिळाली. कुणी मला म्हणतं की तुझ्या लिहिण्यात माधुर्य कमी आहे, तेव्हा मला ती हलकी पिवळी पानं आठवतात. त्यांत माधुर्याला जागाच नव्हती, आकार छोटा होता.

मागची निवडणूक झाली त्या हिवाळ्यात मी बारावी होऊन घरी बसले होते. पुढं काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कुणी म्हणायचं नर्सिंग, कुणी म्हणायचं डीएड, आणि मामा येऊन एक स्थळ सांगून गेले होते. सकाळी दारातून बघितलं की धुक्यात ज्वारीची ताटं नुसती उभी दिसायची, पुढचं काहीच दिसायचं नाही. हरभऱ्याची आंब, म्हणजे पानांवरचं आंबट दव, लागून हात चुरचुरायचे. मला त्या दिवसांत सगळ्याचीच भीती वाटायची. लग्नाची, घरात राहण्याची, घरातून जाण्याची. भीती एकदा घरात आली की ती भांड्यांसारखी होते. रोज घासायची आणि परत मांडून ठेवायची.

त्याच हिवाळ्यात कौसाकाकू निवडणुकीला उभी राहिली. कौसाकाकू आमच्या गल्लीतली, माझ्या मायची जिवाची मैत्रीण. दोघी कापूस वेचायला एकत्र जायच्या, शेजारशेजारच्या ओळी धरायच्या, एकीच्या डबीतली मिश्री दोघी लावायच्या. काकू काही पुढारी नव्हती. तिला राग होता तो एका कुलपाचा. गावात आरोग्य उपकेंद्र बांधून झालेलं, भिंतीवर हसऱ्या बाळाचं चित्र, आणि आत नानांच्या सोयाबीनची पोती. नाना म्हणजे गावचे कारभारी. सरपंच कुणीही असो, कारभारी तेच. भाव येईपर्यंत पोती तिथं राहणार, असं ठरलेलं होतं. कुणी ठरवलं हे विचारायचं नसतं. नर्सबाई शाळेच्या ओसरीवर बसायच्या. गरोदर बाईला तपासायचं झालं तर दोघी बाया लुगड्याचा आडोसा धरायच्या आणि पलीकडे पोरं पाढे म्हणत असायची. त्या लुगड्याचं एक टोक बहुतेक वेळा कौसाकाकूच्या हातात असायचं.

"मला काय राज्य करायचं न्हाई," ती मायला म्हणाली होती. "हात दुखून आले गं धरून धरून. तेवढं कुलूप काढायचंय."

माय म्हणाली, माझं मत तुझंच. हे तिनं बेलावर म्हटलं नव्हतं. चहा पिता पिता म्हटलं होतं, जसं माणूस खरं बोलतो तसं.

मग नानांच्या पॅनेलची गाडी आली. गल्लीतल्या सगळ्या बाया निघाल्या, मीही मायच्या मागं गेले. नाना दीपमाळेपाशी खुर्चीवर बसून फोनवर बोलत होते. ते स्वतः कधी कुणाला शपथ घालत नाहीत. ते काम त्यांच्या हाताखालच्या बंडूचं. बंडू ताट घेऊन एकेकीपुढं यायचा, घडाघडा म्हणायचा, आणि बाया खाली बघून पुटपुटायच्या. माय मागं मागं राहत होती, पण ताट तिच्यापर्यंत आलंच. बंडूनं मला बघितलं आणि त्याला सुचलं.

"लेक हाय की संगं. मावशी, लेकीच्या डोक्यावर ठिवा हात. म्हंजी पक्कं."

मायच्या उजव्या हातात बेल होता. डावा हात तिनं माझ्या डोक्यावर ठेवला. त्याला आधीच भंडारा लागलेला होता. तो केसांतून माझ्या टाळूपर्यंत उतरला. आजही किराणा दुकानात कुणी हळद मोजून घेत असलं की माझ्या टाळूवरची कातडी आक्रसते. हे कुणाला सांगितलं की हसतात. हसा.

मी त्या वर्षी पहिल्यांदा मत देणार होते. कायद्यानं सज्ञान होते. आणि त्याच वेळी मी देवळातला एक पाट होते, ज्यावर दुसऱ्याची शपथ मांडून ठेवायची. माझ्या डोक्याचा असा वापर करायला मला कुणी विचारलं नाही. सगळी गंमत यातच आहे. ज्याच्यावर शपथ घ्यायची त्याला विचारत नाहीत. लेकरू मुकाट उभं राहतं आणि त्याच्या आईला वाटतं, आता बटण दाबताना आपलं बोट घसरलं तर घरी जाईपर्यंत हे मरून पडेल. हिला तुम्ही श्रद्धा म्हणता? मी हिला ओलीस ठेवणं म्हणते.

घरी येऊन मी आबांच्या पाठकोऱ्या कागदांवर माझं पहिलं पत्रक लिहिलं. हातानं, मोठ्या अक्षरात: मतदानाच्या मशीनला बेल कळत नाही. पुठ्ठ्याच्या आडोशामागं तुम्ही एकट्या असता. देवाला निवडणूक लढवायची नाही. पिठाची खळ करून गिरणीवर, हातपंपावर, एसटीच्या थांब्यावर चिकटवलं. बायांनी पोरांकडून वाचून घेतलं. एकदोघी हसल्या. एक मात्र पाण्याची घागर खाली ठेवून म्हणाली, "लिवायला तुजं काय जातंय? लेकरं आमची हायत."

मायशी मी दोन दिवस भांडत होते. तुझं बटण कोण बघणार, म्हणाले. मशीनला कळत नाही, म्हणाले.

"मशीनला न्हाई कळत," माय म्हणाली. "मला कळतंय ना."

तिनं शपथ पाळली. गल्लीतल्या सगळ्यांनी पाळली. कौसाकाकू पडली. संध्याकाळी मिरवणूक तिच्या दारासमोर मुद्दाम थांबली, डीजेनं पत्रे हलवले आणि पोरांनी तिच्या पाण्याच्या रांजणात गुलाल टाकला. माय दाराच्या फटीतून बघत होती. सकाळी काकूनं रांजण पालथा केला. लाल पाणी गल्लीभर वाहत आमच्या उंबऱ्यापर्यंत आलं. तिनं मायला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, शिव्या घातल्या असत्या तर त्याहून बरं. त्यानंतरही दोघी त्याच शेतात वेचायला जायच्या, पण मधे सगळं शेत असायचं.

आता माझ्याबद्दल. आभाराची पत्रकं छापायला बंडू माजलगावला छापखान्यात गेला, तेव्हा मशीनच्या आवाजात तो आबांच्या कानाशी वाकला म्हणे. पोरगी चांगलं लिहिती तुमची, शिकवा की बाहेर कुठं, गावात कशाला ठिवता. यात धमकीचा एकही शब्द नाही. कुणी लिहून घेतला असता तर शुभेच्छा म्हणून छापता आला असता. आबा त्या दिवशी जेवले नाहीत. पुढच्याच आठवड्यात माझी पेटी अंबाजोगाईच्या वसतिगृहात होती.

नातेवाईक म्हणतात, पोरीला दिशा मिळाली. बीए झाली, क्लासवर शिकवते, नाव छापून येतं. मला हे वाक्य ऐकलं की चीड येते. ढेकूळ मारल्यावर पाखरू उडतं, त्याला दिशा मिळाली असं कुणी म्हणतं का? मला हाकललं होतं. आणि एक गोष्ट याहून कडू आहे: हाकलल्यामुळे माझं भलं झालं. वाचनालय मिळालं, मैत्रिणी मिळाल्या, खाणावळीतल्या पातळ वरणाविरुद्ध पत्रक काढल्यावर ते घट्ट होतं हे कळलं. पण या भल्याबद्दल मी बंडूचे आभार मानणार नाही. माणसाला घाबरवून पळवायचं आणि तो पळता पळता चांगल्या ठिकाणी पोचला तर श्रेयही आपणच घ्यायचं, ही यांची जुनीच पद्धत आहे. दिशा म्हणजे जिकडं ढकललं तिकडं जाणं नव्हे. माझी दिशा मला त्या टमटममध्ये बसल्यावर कळली, बेलाच्या पोत्याशेजारी. ती गावाकडंच होती.

या खेपेला रीत सुधारली आहे. अर्धं गाव उसाच्या फडावर, लांब. तिथल्या माणसांना व्हिडिओ कॉलवर शपथ देतात. गल्लीतला एक पोरगा हसत सांगत होता, की फडावर बेल कुठून आणणार, तर बंडूनं त्यांना उसाचं पान हातात धरायला लावलं. देव समजून घेतो म्हणाला. म्हणजे देवानं पानाची सूट दिली, मताची दिली नाही. हे ऐकून मलाही हसू आलं, आणि हसू आल्याचाच राग आला.

कौसाकाकू पुन्हा उभी आहे. उपकेंद्राच्या भिंतीवरचं बाळ पुसट झालंय, आतल्या पोत्यांचं फक्त पीक बदलतं. मी आले ते ठरवूनच, की देवळात उभी राहून बोलायचं. भाषण पाठ केलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी गाडीचा हॉर्न वाजला. माय आत गेली, ठेवणीतलं लुगडं नेसून बाहेर आली.

"तू चल. पर तिथं बोलू नको," म्हणाली.

मी तिच्याकडं असं बघितलं असेल की तिनं तोंड फिरवलं. रस्ताभर मी ते पाठ केलेलं भाषण मनात म्हणत होते. हीसुद्धा पुन्हा उचलणार, पुन्हा माझ्याच डोक्यावर, आणि मला गप्प उभं करणार.

देवळात सगळं तसंच. दीपमाळ, खुर्ची, नाना. फरक इतकाच, की त्यांच्या मांडीवर नातू होता, मोबाइलवर खेळत बसलेला, आणि नानांचा हात त्याच्या केसांतून फिरत होता. बंडू ताट घेऊन आला. मागं मागं राहणारी माझी माय या खेपेला सगळ्यांत पुढं गेली. बेल घेतला, भंडारा घेतला. माझी टाळू गार पडली. बंडूनं तोंड उघडलं, पण माय त्याच्याकडं वळलीच नाही. ती नानांपुढं जाऊन उभी राहिली आणि बेल तिनं त्यांच्यापुढं धरला.

"नाना, मागल्या बारीला मी लेकीवर हात ठिवून उचलला. पाळला बी. आता पयलं तुमी उचला."

बंडू हसला. म्हणाला, मावशी, मत तुमी द्यायचं असतं, नानानं न्हाई.

"मत मी देते की," माय म्हणाली. ती बंडूशी बोलत नव्हतीच. "तुमी निस्तं म्हणा, दवाखान्यातली पोती काढतो, नर्सबाईला किल्ली देतो. नातू मांडीवर हायच. ठिवा हात त्याच्या डोक्यावर. मग लगेच मी माझ्या लेकीवर ठिवते."

नानांचा हात नातवाच्या केसांत होता. तो त्यांनी काढून घेतला. चटका बसल्यासारखा काढला, सगळ्यांनी बघितलं. मग त्यांनी पोराला मांडीवरून खाली उतरवलं, माझ्या मायपासून लांब, खुर्चीच्या मागं.

"सरू, देवाच्या दारात असलं बोलू नाई," ते म्हणाले. आवाज खाली आला होता. "लेकराला मधी कावून घेती?"

"माझं बी लेकरूच हाय."

नाना उठले. कुठंतरी जायचं होतं म्हणे. गाडी गेली, तीत बसून आलेल्या बाया तिथंच राहिल्या, आणि ताट ओट्यावर तसंच राहिलं. बंडू थोडा वेळ घुटमळला, मग फोन कानाला लावून तोही निघाला.

मी पत्रक लिहिलं तेव्हा धरून चालले होते, की देव काही करत नाही. मला वाटायचं, नानांनाही हे ठाऊक असणार. ते आपल्याला फसवतात, स्वतः हसत असतील. त्या दिवशी कळलं की नानांचा त्या पानावर विश्वास आहे. आमच्या बायांइतकाच. त्यांना त्या पानाचं वजन पहिल्यापासून माहीत होतं, म्हणून त्यांनी ते कधी स्वतःच्या हाती धरलं नाही, आणि आमच्या हातावर मात्र दर निवडणुकीला ठेवलं. नास्तिक ढोंगी असता तर मी एकवेळ त्याला सोडलं असतं. ज्याला भीती काय असते हे आतून कळतं आणि जो तीच वाटत फिरतो, त्याला कसं सोडू? माझा राग त्या दिवशी कमी झाला नाही. उलट त्याला पत्ता मिळाला.

आणि तो नातू. खुर्चीमागून बघत होता, खेळ तसाच चालू होता हातात. त्याचा काहीच गुन्हा नव्हता. मायनं त्याच्याकडं बोट केलं तेव्हा मलाही वाटलं, याला सोडायला हवं होतं. पण मागच्या हिवाळ्यांत त्या देवळात जी जी लेकरं उभी राहिली, त्यांना सोडावं असं कुणाला वाटलं होतं?

मायनं बेल देवाला वाहिला, हात धुतले. आम्ही बांधाबांधानं चालत निघालो. ज्वारीची ताटं दोन्ही बाजूंनी अंगाला घासत होती. मग घागरवाली, तीच जी मला लिवायला तुजं काय जातंय म्हणाली होती, मागून म्हणाली, "सरे, त्याचं तोंड बघितलंस का गं? करपलेल्या हुरड्यावानी झालतं." आणि सगळ्या हसत सुटल्या, तोंडाला पदर लावून, मग पदर काढून.

कौसाकाकू दारात तूर पाखडत होती. माय तिच्यासमोर थांबली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"न्हाई उचलला," माय म्हणाली.

काकूनं सूप खाली ठेवलं. मायकडं बघितलं, तिच्या धुतलेल्या हातांकडं बघितलं. मग म्हणाली, "च्या ठिवू का?"

मतदान अजून व्हायचंय. काय होईल ते मला माहीत नाही. नानांकडं बेलाशिवाय दुसरेही मार्ग आहेत आणि ते सगळे वापरले जातील. आमच्या दारावरून एक मोटारसायकल कारण नसताना दोनदा गेली. आबा घाबरलेत. संध्याकाळी मी नवं पत्रक लिहायला बसले तर शेजारी येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता हातातलं काढून घेतील. त्यांनी वाचलं. त्यात एकच ओळ होती: आधी तुम्ही उचला. आबा म्हणाले, छापखान्यात नको, मालकाला तरास व्हईल, दिंद्रुडला झेरॉक्स काढ. मग जाता जाता थांबले.

"अक्षर मोठं काढ. याला अर्थ हाय."

माय चुलीपाशी भाकरी थापत होती. तिथूनच तिनं विचारलं, कागदाच्या दोन्ही अंगाला छापणार का. मी म्हटलं, एकच ओळ आहे, एकाच अंगाला.

"बरं हाय," ती म्हणाली. "मागं कोरंच ठिव. उद्या कौसा निवडून आली आन् तिनं बी पोती न्हाई काढली, तर तिचं नाव लिवायला जागा पायजे."